फोर्ट स्टिकिन (जहाज)

फोर्ट स्टिकिन हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक ब्रिटिश मालवाहू जहाज होय. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे असताना या जहाजाला आग लागली आणि त्यातील दारूगोळ्याचे अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. मुंबई बंदराच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी दुर्घटना मानली जाते. युद्धकाळातील बातमीबंदीमुळे या घटनेची खरी हकीकत लोकांपर्यंत उशिरा पोहोचली. तोवर तिच्याभोवती अनेक आख्यायिका तयार झाल्या होत्या. त्यांपैकी काही आजही खऱ्या म्हणून सांगितल्या जातात. प्रस्तुत लेखात घटनेची नोंदलेली हकीकत आणि या आख्यायिका शक्य तेवढ्या वेगळ्या करून दिल्या आहेत.

== जहाज व त्यावरील माल ==

हे जहाज १९४२ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स रूपर्ट येथे बांधण्यात आले. त्याची नोंदलेली क्षमता ७,१४२ टन होती. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांची जागा भरून काढण्यासाठी कॅनडात एकाच नमुन्याची अनेक जहाजे बांधली जात होती व त्यांना जुन्या व्यापारी ठाण्यांची नावे दिली जात. ‘फोर्ट स्टिकिन’ हे हडसन्स बे कंपनीच्या, आजच्या अलास्का राज्यातील, अशाच एका ठाण्याचे नाव होते. अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य उसने देण्याची जी ‘लेंड-लीज’ म्हणून ओळखली जाणारी योजना आखली होती, तिच्या अन्वये हे जहाज ब्रिटनला मिळाले होते.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची या मार्गाने १२ एप्रिल रोजी मुंबईस पोहोचले. निघताना त्यावर सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता. त्यात तोफगोळे, पाणतीर व सुरुंग यांचा समावेश असून सुमारे २३८ टन माल अतिशय संवेदनशील वर्गातील स्फोटकांचा होता. याखेरीज स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने आणि ३१ पेट्यांत भरलेले सोनेही जहाजावर चढवलेले होते. कराचीस कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड व भंगार लोखंड असा माल भरण्यात आला. कापूस आणि तेल दारूगोळ्यासोबत ठेवण्यास कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांची नापसंती होती असे सांगितले जाते. युद्धकाळात जहाजातील रिकामी जागा वाया घालवणे परवडणारे नव्हते, त्यामुळे हा माल भरला गेला.

कापसाच्या गाठींचा आकडा अनेक ठिकाणी ८७,००० असा दिलेला आढळतो. तो बरोबर असू शकत नाही. त्या काळची कराचीकडील गाठ साधारण १८० किलो वजनाची असे. त्या हिशोबाने ८७,००० गाठींचे वजन १५,६०० टनांहून अधिक भरते आणि या नमुन्याचे जहाज सगळा माल मिळून सुमारे १०,००० टन वाहू शकत असे. काही लेखनात आढळणारा ८,७०० हा आकडा मात्र जुळतो. एका शून्याची ही चूक एकाने दुसऱ्याचे पाहून उतरवत नेल्याने पसरली असावी. विद्यार्थ्यांनी या घटनेविषयीचा कोणताही आकडा असा एकदा गुणून पाहावा.

== १४ एप्रिल १९४४ ==

शांततेच्या काळात स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने गोदीत न शिरता भर बंदरात नांगर टाकून माल उतरवायचा, असा नियम होता. युद्धाच्या घाईत तो शिथिल करण्यात आला होता. जहाजावर धोकादायक माल असल्याचे दर्शवणारे लाल निशाणही चढवलेले नव्हते. दारूगोळा उतरवण्याचे काम दोन दिवस रेंगाळले.

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर येत असल्याचे ध्यानात आले. या कोठारात तळाशी कापूस व त्यावर दारूगोळा अशी रचना होती. खलाशी आणि अग्निशमन दलाचे जवान यांनी आत पाणी सोडण्यास सुरुवात केली. सुमारे ९०० टन पाणी ओतले गेले, तरी दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाजाच्या पत्र्यांवर पडणारे पाणी उकळू लागले. जहाज जागीच बुडवावे, ओढून बाहेर समुद्रात न्यावे, की आग विझवत राहावे, याविषयी ठाम निर्णय वेळेत झाला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व जहाजाचे दोन तुकडे झाले. दुसरा स्फोट ४ वाजून ३४ मिनिटांनी झाला. पहिल्या स्फोटानंतर जखमींना उचलण्यासाठी धावून आलेले लोक या दुसऱ्या स्फोटात सापडले.

बारा किलोमीटरवरील घरांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. स्फोटाचा हादरा सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. आसपासची अकरा जहाजे बुडाली किंवा बुडण्याच्या स्थितीत आली. सिंदिया कंपनीचे सुमारे चार हजार टनांचे ‘जलपद्म’ हे जहाज लाटेने उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. जळता कापूस व तापलेले लोखंड मस्जिद बंदर, मांडवी या दाट वस्तीच्या आणि गोदामांच्या भागांवर पडले आणि तेथे आगी लागल्या. त्या आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले. सुमारे ५०,००० टन धान्य नष्ट झाले. बंगालच्या भीषण दुष्काळाला त्या वेळी जेमतेम एक वर्ष होत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. गोदीतील सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसण्याचे काम ८,००० माणसे सात महिने करीत होती.

== मृतांची संख्या ==

मृतांचा सरकारी आकडा ७४० असून त्यांपैकी ४७६ लष्करी सेवेतील होते. जखमी सुमारे १,८०० होते. मृतांमध्ये अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा समावेश होता. नागरिक मृतांची संख्या सरकारी आकड्यापेक्षा बरीच अधिक असावी असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आकड्यांतील या फरकाला एक ठोस कारण आहे. गोदीतील हमाल व माल चढवणारे-उतरवणारे कामगार तेव्हा कायम नोकरीत नसत. ठेकेदार आणि टोळीवाले रोजच्या रोज लागतील तेवढी माणसे घेत. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या या कामगारांची नावे कोणत्याही कायम हजेरीपटावर नसत. त्यामुळे कोण कामावर होता आणि कोण परतला नाही, याचा हिशोब लावणे अवघड होते. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला आणि मुंबईत त्यासाठीचे मंडळ १९५१ साली स्थापन झाले. जहाजावरील सोन्याच्या विटा किती होत्या हे एका विटेपर्यंत सांगता येते. धक्क्यावर किती माणसे होती हे सांगता येत नाही.

== बातमीबंदी व अफवा ==

स्फोटाची बातमी छापण्यास सरकारने मनाई केली. मुंबईच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली ही घटना त्यांना वृत्तपत्रांत वाचावयास मिळाली नाही. जगाला तिची बातमी १५ एप्रिल रोजी दिली ती जपानच्या ताब्यातील सायगाव आकाशवाणीने, म्हणजे शत्रूने. ब्रिटिश सरकारने तपशील प्रसिद्ध होऊ दिले ते मे महिन्यात. छायाचित्रणकार सुधीश घटक यांनी घेतलेली चित्रफीतही लष्कराने जप्त केली.

परिणाम व्हायचा तोच झाला. स्फोट ऐकताच जपानने हवाई हल्ला केला असे समजून हजारो लोक शहर सोडू लागले. ही अफवा त्या दिवसांत अवास्तव वाटण्यासारखी नव्हती. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बाँब टाकले होते आणि १९४४ च्या त्याच वसंतात जपानी सैन्य इंफाळ व कोहिमाला वेढा घालून बसले होते. पुढे हवाई हल्ल्याची जागा पाणबुडीने घेतली, नंतर घातपाताच्या कथेने. घातपाताचे श्रेय सांगणाऱ्याच्या मतानुसार कधी जर्मन हेरांना, कधी १९४२ च्या भूमिगत चळवळीतील क्रांतिकारकांना दिले जाते. यांपैकी एकाही कथेला पुरावा मिळालेला नाही.

== चौकशीचे निष्कर्ष ==

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने आग अपघाताने लागली असा निष्कर्ष काढला. तिची सुरुवात कापसात झाली असावी आणि कोणीतरी निष्काळजीपणे टाकलेली विडी वा सिगारेट हे त्याचे संभाव्य कारण असावे, असे मानले गेले. मात्र आयोगाच्या अहवालाचा खरा रोख त्या विडीवर नाही. दारूगोळ्याच्या खाली कापूस भरणे, लाल निशाण न लावणे, स्फोटके उतरवण्यास विलंब, आग दाबण्यासाठी कोठारात वाफ न सोडणे आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवणे, अशा एकापाठोपाठ एक झालेल्या चुका त्यात नोंदवल्या आहेत. यांपैकी एकच चूक टळली असती तरी अनर्थ कदाचित टळला असता. घातपाताची कथा टिकून राहण्याचे एक कारण येथेच असावे. एवढ्या मोठ्या संहारामागे तेवढाच मोठा शत्रू असला पाहिजे असे मनाला वाटते. साधी बेपर्वाई त्याला पुरेशी वाटत नाही.

सरकारने घटनेची जबाबदारी स्वीकारून अर्ज करणाऱ्या नागरिकांना नुकसानभरपाई दिली.

== सोन्याच्या विटा ==

फोर्ट स्टिकिनविषयीची सर्वांत लोकप्रिय आख्यायिका म्हणजे ‘मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला’ ही होय. अमक्याला वीट सापडली आणि तो रातोरात श्रीमंत झाला, अशी गोष्ट मुंबईशी संबंध असलेल्या बहुतेक जुन्या कुटुंबांत ऐकावयास मिळते.

नोंदलेली माहिती अशी : जहाजावर १२४ विटा होत्या, प्रत्येक पेटीत चार याप्रमाणे ३१ पेट्या. एका विटेचे वजन सुमारे १२.७ किलो, म्हणजे एकूण सोने सुमारे दीड टन. त्याची किंमत त्या वेळी सुमारे ८,९०,००० पौंड सांगितली जाते. युद्धकाळात सरकारने नोटांचा पुरवठा प्रचंड वाढवला होता व महागाई भडकली होती. बाजारातील नोटा शोषून घेण्यासाठी १९४३ पासून ब्रिटन व अमेरिका यांच्या वतीने रिझर्व्ह बँकेमार्फत भारतात सोने विकले जात होते. सोन्याने भरलेले जहाज मुंबईकडे येण्याची ही पार्श्वभूमी आहे.

स्फोटात वीट उडून दूर पडल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून एक वीट आत आली आणि त्यांनी ती सरकारला परत केली. मात्र १२४ विटा शहरभर विखुरणे आणि त्यांतून अनेक घराणी श्रीमंत होणे यांचा मेळ बसत नाही. बऱ्याच विटा गोदीच्या तळाशी गाळात गेल्या होत्या. गोदीची खोली राखण्यासाठी वेळोवेळी गाळ उपसला जातो. त्या कामात पुढे कित्येक दशके अधूनमधून विटा मिळत गेल्या व त्या सरकारजमा झाल्या. शिवाय शिक्का व क्रमांक असलेली बारा किलोची वीट युद्धकाळातील मुंबईत गुपचूप मोडणे सोपे नव्हते. एखाददुसरी वीट कोणी दडवली नसेलच असे म्हणता येणार नाही. पण सांगितल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी खऱ्या मानल्या तर जहाज सोन्याचेच असावे लागेल.

== मुरगावची ‘एरेनफेल्स’ ==

मुंबईतील घातपाताच्या कथेत जर्मन हेर येतात, त्याचे एक मूळ याच किनाऱ्यावर दक्षिणेस आहे. युद्ध सुरू झाल्यावर ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ या तीन जर्मन आणि ‘अँफोरा’ या इटालियन जहाजांनी पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदराचा आश्रय घेतला होता. पोर्तुगाल तटस्थ असल्याने ब्रिटिशांना तेथे हात घालता येत नव्हता. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळाचे निवृत्तीच्या वयाकडे झुकलेले सदस्य ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या नौकेतून मुरगावात शिरले. ब्रिटनच्या गुप्त कारवाया पाहणाऱ्या खात्याने ही मोहीम आखली होती. झटापटीत एरेनफेल्सचा कप्तान मारला गेला आणि जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून चारही जहाजांवरील खलाशांनी आपली जहाजे स्वतःच जाळून बुडवली.

एवढा भाग खरा आहे. शंका आहे ती कारणाबद्दल. एरेनफेल्सवर छुपे बिनतारी यंत्र होते, त्यावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना दिली जात असे आणि या छाप्यानंतर हिंदी महासागरात जहाजे बुडणे जवळजवळ थांबले, असे सांगितले जाते. जेम्स लीसर यांच्या १९७८ मधील पुस्तकामुळे आणि त्यावरील ‘द सी वुल्व्ज’ (१९८०) या चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. परंतु १९४३ च्या आरंभी जर्मन पाणबुड्यांचा मोठा गट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे वावरत होता व इंधन संपत आल्यावर तो परत फिरला. हिंदी महासागरासाठी पाठवलेला त्यांचा ‘मान्सून’ गट वर्षाच्या उत्तरार्धात आला आणि जहाजे पुन्हा बुडू लागली. छाप्याआधी व छाप्यानंतर अशी नुसती आकड्यांची तुलना करून यश मोजणे म्हणूनच धोक्याचे आहे. तटस्थ देशाच्या हद्दीचा भंग झाल्यामुळे ब्रिटनने ही हकीकत पस्तीस वर्षे दडवून ठेवली. कागदपत्रे बंद असली की कथेला मोकळे रान मिळते, हे मुंबईप्रमाणे येथेही दिसते.

== समुद्रातील युद्धसामग्री ==

सोन्यामागे लागलेल्या लोकांचे दुर्लक्ष झाले ते गाळातील दुसऱ्या वस्तूंकडे. १,३९५ टनांपैकी सर्वच दारूगोळा स्फोटात जळून गेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनंतर, मुंबई बंदरात सुमारे ४५ किलो वजनाचा जिवंत तोफगोळा मिळाला. समुद्राच्या पाण्याने दारूगोळा निकामी होतो हा समज चुकीचा आहे. वरचे लोखंड गंजते, आतील स्फोटक बहुधा तसेच राहते व गंजलेला गोळा हाताळणे अधिक धोक्याचे ठरते. गाळ उपसणारे कामगार आणि जाळे ओढणारे मच्छीमार यांना हा धोका सर्वाधिक असतो.

फोर्ट स्टिकिनशी ताडून पाहण्याजोगे जहाज इंग्लंडमध्ये आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये टेम्स नदीच्या मुखाशी ‘रिचर्ड माँटगोमेरी’ हे अमेरिकी जहाज वाळूत रुतून मोडले. त्यावरील सुमारे १,४०० टन स्फोटके अजून तेथेच आहेत व जहाजाच्या डोलकाठ्या पाण्यावर दिसतात. गुप्ततेच्या बाबतीत इटलीतील बारी बंदराचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन हवाई हल्ल्यात तेथे बुडालेल्या ‘जॉन हार्वे’ या जहाजावर मोहरी-वायूचे बाँब होते. ही गोष्ट गुप्त ठेवल्याने डॉक्टरांनाही रुग्णांच्या अंगावरील फोडांचे कारण आरंभी कळले नाही.

या अपघाती घटना झाल्या. युद्ध संपल्यावर राष्ट्रांनी उरलेला दारूगोळा जाणूनबुजून समुद्रात टाकला. कारण जमिनीवर तो निकामी करणे खर्चाचे व वेळखाऊ होते. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांच्यामधील ‘बोफर्ट्स डाइक’ या सागरी दरीत ब्रिटनने दहा लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. १९९५ मध्ये तेथे वायुवाहिनी टाकताना फॉस्फरसचे बाँब वर येऊन किनाऱ्याला लागले. बाल्टिक समुद्रातील मच्छीमारांना जाळ्यात आलेल्या मोहरी-वायूमुळे भाजण्याचे प्रकार अनेक वर्षे घडत आले. समुद्रात घातक कचरा टाकण्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले ते १९७२ च्या लंडन करारापासून.

दारूगोळ्याखेरीज चांगली वाहने व विमानेही समुद्रात गेली. लेंड-लीजच्या अटींनुसार युद्धानंतर उसने साहित्य परत करणे, विकत घेणे किंवा नष्ट करणे एवढेच मार्ग ब्रिटनपुढे होते. त्यामुळे ब्रिटिश विमानवाहू नौकांवरून अनेक अमेरिकी विमाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात ढकलण्यात आली. प्रशांत महासागरातील आजच्या वानुआतू देशात अमेरिकी सैन्याने ट्रक, जीप व बुलडोझर समुद्रात लोटले. ती जागा ‘मिलियन डॉलर पॉइंट’ या नावाने प्रसिद्ध आहे.

भारतात कानपूर येथे अशीच लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने पुन्हा उडू नयेत अशा रीतीने निकामी करून ठेवली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने त्यांतील बरीच दुरुस्त केली आणि १९४८ साली भारतीय हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनने ती वापरात आणली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. ही गोष्ट ऐकताना बनावट वाटते, पण खरी आहे. उलट ब्रह्मदेशात ब्रिटिशांनी खोक्यांत बंद केलेली शंभरावर स्पिटफायर विमाने पुरून ठेवली आहेत ही गोष्ट ऐकताना खरी वाटते. परंतु २०१३ साली रंगून विमानतळाजवळ झालेल्या उत्खननात एकही विमान मिळाले नाही. युद्धकथेची परीक्षा ती किती संभवनीय वाटते यावरून होत नाही; तिच्यामागे नोंदवही, हजेरीपट वा प्रत्यक्ष वस्तू आहे का, यावरून होते.

== स्मृती ==

मुंबईच्या भायखळा येथील अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्फोटात मरण पावलेल्या जवानांचे स्मारक आहे. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून अग्निसुरक्षा सप्ताह सुरू होतो. महाराष्ट्रात हीच तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीची असल्याने शाळांना त्या दिवशी सुट्टी असते व स्फोटाचा उल्लेख बहुधा राहून जातो. व्हिक्टोरिया गोदी व तिच्या शेजारची प्रिन्सेस गोदी या दोन्ही पुढे कंटेनर ठेवण्याची जागा करण्यासाठी भराव घालून बुजवण्यात आल्या. फोर्ट स्टिकिन जेथे उभे होते तेथे आता पाणी नाही.